कानाला फोन लावून फिरणं

रोज फिरायला जाऊनही माणूस थकतो, हे तुम्हाला पटायचं नाय. मी थकत होतो ना! औरंगपुऱ्यात हार्डवेअरचं दुकान. दिवसभर गल्ल्यावर बसून दुपारी डोळे मिटायला लागले, गिऱ्हाइकांवर खेकसायला लागलो. डॉक्टर म्हणाले, "सकाळी चालत जा."

लगेच सुरू केलं. बायको सोबत, फोन कानाला. माल पुरवणाऱ्यांना दिवसाच्या सगळ्या ऑर्डरी चालता चालताच द्यायचो. एका फेरीत दोन कामं, म्हणून मी खूश. दुपारची झोप मात्र तशीच.

एक दिवस बायकोनं फोन ओढून पर्समध्ये टाकला.

"अगं, इस्माईलभाईंना बिजागऱ्या सांगायच्यात!"

"अहो, ते उठले तरी असतील का? तुम्ही फिरायला येतच नाय. तुमचे पाय तेवढे येतात."

लई राग आला. पण त्या सकाळी कितीतरी दिवसांनी मला माझाच श्वास ऐकू आला. मग फोन घरीच राहायला लागला. हळूहळू दुपारची पेंग गेली, आवाज खाली आला. सकाळभर घोळणाऱ्या ऑर्डरी दुकानात चहा संपायच्या आत व्हायला लागल्या.

परवा इस्माईलभाई त्यांच्या चिकलठाण्याच्या बिजागऱ्यांच्या कारखान्यातून स्वतः दुकानात आले.

"सेठ, हल्ली सकाळी तुमचा फोन नाही. तब्येत बरी ना?"

"एकदम झकास! का, करत जाऊ?"

"नको, नको!" ते घाईनं म्हणाले. "आता कुठं माझं पण फिरणं सुरू झालंय."