मीटरवरचं शून्य

ट्रॅक्टरचा तासांचा मीटर मागं फिरवून मागणाऱ्यांवर माझा लय राग, तुमाला ठाऊकच हाय. दुरुस्तीला आलेल्या टीव्हीची फ्लॅश चिप असली की आख्खी पुसून नव्यानं भरावी लागते. ट्रॅक्टरच्या मीटरात मात्र आठ पायांची बारकी ईईप्रॉम असते, वीज गेली तरी आकडा ध्यानात ठेवणारी चिप. ट्रॅक्टर किती तास चालला, तेवढा आकडाच तिच्यात बदलता येतो. मग काय, ट्रॅक्टर विकायचा असला की लोक माझ्या कडेगावच्या दुकानात हजर. "ताई, थोडे तास कमी करा की!"

परवा कवठे महांकाळकडचे एक आबा आले, मिलिटरीतनं रिटायर झालेले. हातात दोन मीटर, एक फुटका, एक नवा कोरा. म्हणाले, "पोरी, ट्रॅक्टर विकायचाय. मीटरचा आकडा बदलून दे."

मी तिथंच उखडले. "आवं आबा, तुमी फौजेतली माणसं! असली फसवाफसवी मी करत न्हाई."

"आगं, ऐक तरी! जुना फुटला म्हणून नवा आणला, तर ह्यो शून्य तास दाखवतोय. जुन्यातला आकडा ह्यात चढव."

जुन्या मीटरातल्या चिपला आकडा वाचायची क्लिप लावली. जिवंत होती बिचारी, आकडा जसाच्या तसा निघाला. नव्या चिपमध्ये घालता घालता मी म्हटलं, "आबा, उतरवायला सगळे येतात, चढवायला तुमीच पहिले. शून्यावर किंमत जास्त आली असती न्हवं?"

आबा खवळले. "किंमत घाल चुलीत! गिऱ्हाईक गावातलंच हाय. शून्य बघून गाव म्हणंल, म्हाताऱ्यानं रानात कवा ट्रॅक्टर घातलाच न्हाई!"