बाळंतिणीच्या दारात आपटलेला टोप

जबाब, दिनांक ८ जानेवारी

मी सौ. भावना दिपेश गायकर, वय ३४ वर्षे, धंदा घरकाम, राहणार मानपाडा, डोंबिवली पूर्व. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती, आमच्या दोन मुली, सासू गोदाबाई, धाकटे दीर विकी व त्यांची पत्नी समृद्धी असे एकत्र राहतो. समृद्धी हिला वीस दिवसांपूर्वी मुलगा झाला. घरातला पहिला नातू. माझी दोन्ही बाळंतपणे माहेरी, ठाकुर्लीला झाली. समृद्धीला मात्र सासूबाईंनी माहेरी धाडले नाही.

यंदा गारठा जास्त आहे. बाळंतिणीच्या शेकासाठी सासूबाईंनी माळ्यावरची लोखंडी शेगडी खाली काढली व स्वतः घासली. माझी धाकटी उर्वी तान्ही असताना थंडीच होती, तेव्हा मी हीच शेगडी मागितली होती. ती गंजली आहे असे मला सांगण्यात आले होते.

सोमवारी आशा सेविका विनिताताई तपासणीला आल्या. बंद खोलीत निखारे ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जाते, खिडकी उघडी ठेवा व बाळाला आईच्या छातीशी गुंडाळा, असे त्यांनी मला बजावले. सासूबाई तेव्हा देवळात होत्या. मी हे घरात कोणालाही सांगितले नाही. विसरले नव्हते. लाड चाललेत तर चालू देत, नाहीतरी माझे कोण ऐकते, असे मनात आले.

आज सकाळी दहा वाजता मालिशवाल्या आवडाबाई गेल्यावर सासूबाईंनी निखाऱ्यांची शेगडी समृद्धीच्या खाटेखाली सरकवली. खिडकी लावली, दार ओढून घेतले आणि बाहेरून फटीत जुनी साडी कोंबली. मला म्हणाल्या, "दार उघडू नको. वारा शिरल, पोराला सर्दी होल." मग त्या गच्चीवर उन्हात जाऊन बसल्या.

मी भाकऱ्या करत होते. पाऊण तास खोलीतून काही आवाज आला नाही. माझ्या दोघी रात्रंदिवस रडायच्या, मांडीवरून खाली ठेवता येत नव्हत्या. हिला मुलगा झाला, शेक मिळाला, वर पोरही गुणी निघाले, या विचाराने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुमारे पावणेअकरा वाजता मी स्टीलचा मोठा टोप तिच्या दाराशी नेला व मुद्दाम फरशीवर आपटला. बाळ उठावे, रडावे, तिला घटकाभर पडायला मिळू नये, हाच हेतू होता. बाळ रडले नाही. मी पुन्हा आपटला. वीस दिवसांचे पोर एवढ्या आवाजाला रडत कसे नाही, असे वाटले आणि विनिताताईंचे बोलणे आठवले.

मी साडी ओढून दार उघडले. बाळाने मान टाकली होती. समृद्धी हाकेला डोळे उघडत होती पण बोलत नव्हती. बाळाला घेऊन मी अंगणात धावले व ओरडले. विकीने समृद्धीला उचलून बाहेर आणले. शेजाऱ्यांच्या रिक्षातून दोघांना दवाखान्यात नेले. दोघांना ऑक्सिजन लावला आहे. धोका टळला असे डॉक्टरांनी सांगितले. दुपारी बाळ रडले, ते मला बाहेर बाकावर ऐकू आले.

विकी माझ्या पाया पडला. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "माझी थोरली सून कान देऊन होती, म्हणून नातू वाचला." चौदा वर्षांत त्यांनी माझे कौतुक पहिल्यांदा केले. मला ते फार गोड लागले. घरच्यांना मी खरे कारण सांगितले नाही, म्हणून इथे सांगते.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात "प्रसंगावधान राखून दार उघडले" असे लिहिले होते. ते शब्द मी खोडायला लावले आणि "झोपमोड करण्यासाठी टोप आपटला" असे लिहून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
भावना दिपेश गायकर