पलीकडची भिंत

— नाही हो, पाण्याचा अजिबात त्रास नाही, नळ सोडून बघा हवं तर — बघा! धो धो! — आणि ऊन सकाळपासून. हे शिलाई मशीन उचललं की ही अख्खी बाजू मोकळी होते तुम्हाला. ताईचं आहे मशीन. माझी थोरली बहीण, घर तिचंच, मी आपला दाखवायला आलोय. ती खाली दुधाला गेलीय, येईलच, घरी आलेला माणूस चहा न घेता गेला की तिला दिवसभर चुटपुट लागते. शाळेचे गणवेश शिवते ती. अर्ध्या उपनगरातली पोरं तिनं शिवलेल्या चड्ड्या घालून मोठी झालीत, खोटं नाही सांगत. खाली दुकानं, मधल्या मजल्यावर कापडाचं गोदाम, संध्याकाळी सगळी कुलपं — कुणाची भांडणं नाहीत, कुणाची धपधप नाही. वर तुम्ही एकटे राजे.

रस्ता ना? आहे की समोर. एवढा सहा पदरी हायवे, तो काय पदराखाली झाकणार आहे मी? उलट सोयच — इकडून बसलात की थेट शहरात, तिकडून बसलात की कुठल्याही उपनगरात. आणि आवाज — तुम्हीच ऐका ना. आहे का काही? रविवारची सकाळ म्हणून? छे — म्हणजे, ट्रक नसतात रविवारी सकाळी, ते खरंय, पण म्हणून काही मी तुम्हाला मुद्दाम आजच — तुम्हालाच रविवारी सुट्टी असेल म्हणून बोलावलं. नसते? शनिवारी रात्रीसुद्धा काम? करता काय तुम्ही?

बेकरीत. रात्रपाळी. म्हणजे दिवसा झोपायचं.

बसा जरा. तिथे नको, त्या स्टुलाचा पाय हलतो, खुर्चीत बसा. दिवसा झोपायचं म्हणजे — अहो, नाही झोपता येणार तुम्हाला इथे. रात्रीही नाही येत. बघा, बोलून बसलो. गिऱ्हाईक दारात आणि मी माल नासका म्हणून सांगतोय! पण रात्रभर भट्टीसमोर उभं राहायचं आणि घरी येऊन या खोलीत तळमळत पडायचं — नको, एकीचं झालं तेवढं पुरे.

ती करडी भिंत दिसते ना, रस्त्यापलीकडे, लांबच लांब? आवाज अडवायची भिंत. तिच्यामागे आमची कॉलनी, आणि मी तिथला सेक्रेटरी. ती भिंत मी आणली. रस्तेखात्यात खेटे घालून घालून चपला झिजल्या, साहेब लोक मला बघून पंख्याकडे बघायला लागायचे. शेवटी मंजूर झाली, पण एकाच बाजूला — दोन्हीकडे बांधण्याइतका निधी नव्हता. तेव्हा त्यांचा इंजिनियर मला बाजूला घेऊन म्हणाला, की आवाज भिंतीत मुरत नाही, आपटून समोर जातो, समोरचे लोक बोंब मारतील, त्यांचं काय करायचं? सगळे नाही, मागच्या गल्लीला ही इमारत आड येते. पण रस्त्याला लागून जे कोणी राहतं त्याचे हाल. मी म्हणालो — काय म्हणालो माहितेय? — म्हणालो, साहेब, बिनधास्त बांधा, तिथे माझी सख्खी बहीण राहते, ती नाही बोंब मारायची.

हसलो वर. तोही हसला.

आणि नाहीच मारली हो तिनं! उलट सह्या गोळा करायला तीच फिरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची संमती लागत होती, तर ही मागच्या गल्लीत दारोदार — माझ्या भावाला झोप लागत नाही हो, एवढी सही द्या. पहिली सही तिची. मला वाटलं होतं, थोडासा वाढेल आवाज, सवय होईल, माणसाला कशाचीही सवय होते. भिंत उभी राहिली, पहिल्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो, बायको म्हणाली घोरत होतात. सकाळी ताईचा फोन — तुला लागली का रे झोप? लागली म्हटल्यावर म्हणाली, बरं झालं बाई, मला मात्र रात्री कसलातरी घुमल्यासारखा आवाज येत होता.

तेव्हा सांगायचं. सरळ सांगायचं, ताई, भिंतीमुळे आहे, मला ठाऊक होतं. पण मी म्हटलं, भिंतीनं आवाज कमी होतो, वाढेल कसा? तुझ्या कानात काहीतरी असेल. बस, तेवढंच. मग ती रोज म्हणायला लागली, तेव्हा कानाच्या डॉक्टरकडे नेलं. हौसेनं नेलं का? तोंड लपवायला नेलं. डॉक्टर मला म्हणाले, विशीतल्या मुलीचे कान आहेत यांचे, तुमचे तपासून घ्या. ताई बाहेर बाकावर बसली होती. बाहेर येऊन मी तिला सांगितलं — वयानं होतं, इलाज नाही, थेंब घालत जा. थेंब मीच आणून दिले. साधं तेल आहे ते! रोज घालते, वर कापूस. आणि मशीन चालवणारी बाई कानानं चालवते हो, दोरा ताणला की तिला आधी ऐकू येतं. कापसामुळे ऐकूच आलं नाही, सुई गेली बोटात. त्या दिवसापासून मशीनवर हे कापड पांघरलंय.

म्हणून विकतेय घर. म्हणजे मीच विकायला लावतोय, माझ्याकडे नेतोय तिला, मागची खोली रिकामी केलीय. सगळे म्हणतात भाऊ असावा तर असा! काल वाणी म्हणाला, परवा मेहुणा म्हणाला. तिला नाही यायचं. हे घर तिनं शिवून शिवून घेतलंय, कुणाच्या दारात राहायला नको म्हणून. आणि आता माझ्या दारात.

असं बघू नका हो माझ्याकडे. तुम्ही काय बघणार, मला आरशात बघवत नाही. ऐका, सांगतो मी तिला. आजच. आता आली की. तुम्ही उठू नका मात्र, तुम्ही समोर असलात की मला पळता यायचं नाही. तसा मी भित्राच, लहानपणी माझ्या वाटचा मार पण तीच खायची. आली बघा. जिन्यात दम खाते मध्ये. बसा, बसा.

— ये ताई. हो, हेच ते. आवडलं म्हणे घर. चहा राहू दे आधी, मला जरा — काय? नाही, मोठ्यानं नको बोलूस, ऐकू येतंय आम्हाला. ताई, मी यांना सांगत होतो की — बोल, तू बोल आधी.

ऐकलंत? म्हणतेय, घरात काही खोट नाही हो, घर लाखात एक आहे, माझेच कान गेलेत, तुम्ही मनात काही आणू नका. माझा भाऊ होता म्हणून वेळेवर कळलं, म्हणे.

हो ताई. कानच तुझे. वयानं होतं ते.

तुम्ही निघा आता. चहा नकोय गं त्यांना, घाई आहे त्यांना. निघा ना साहेब, जिना उतरताना कठड्याला धरा.