दुसरा कप

(भावाची तिसऱ्या मजल्यावरची खोली. दुपार. बहीण हॉस्पिटलातली ड्युटी संपवून थेट आलेली, अंगावर अजून नर्सचा पांढरा कोट.)

बहीण: ...म्हणून म्हणते, घसा बसलाय म्हणून सांग. मफलर आणलाय मी.

भाऊ: या उकाड्यात?

बहीण: घसा काय थंडीतच बसतो? मी नर्स आहे, मला कोण उलट विचारणार! गुरुवारी अकराला रजिस्ट्रारकडे यायचं, आपल्या बाजूने साक्षीची सही ठोकायची, मान डोलवायची. पोरीचं लग्न लागलं. संपलं.

भाऊ: साक्षीदाराला वाचून दाखवावं लागतं, ताई. नाव, पत्ता, नातं. मोठ्याने.

बहीण: तीच तर पंचाईत आहे. तू नुसतं ‘मी’ म्हणालास तरी मुलाकडचे ओळखतील.

भाऊ: त्यांना माहीत नाही?

बहीण: मामा रेडिओवर नोकरीला होता, एवढं माहीत आहे. वायरमन असेल असं त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं. मी कशाला खोडून काढू? मुलाचा काका होता तू बातम्यांत वाचलेल्या त्या देशद्रोह्यांच्या यादीत. अकरावा.

भाऊ: भावोजी चौदावे.

बहीण: पाठ आहे वाटतं.

भाऊ: एकदा वाचलेलं डोक्यातून जात नाही.

बहीण: खरं सांग, दुकानात काही घ्यायला गेलास की काय करतोस तू?

भाऊ: बोट दाखवतो. पाव, साबण, काडेपेटी. दुकानदाराला वाटतं मी मुका आहे. कधी एखादं बिस्कीट जास्त टाकतो.

बहीण: कर्म माझं! तुझ्या आवाजावर लोक घड्याळं लावायचे रे. परक्यांचा झेंडा उतरला ती बातमी तू वाचलीस, तेव्हा आई रेडिओवर हात ठेवून बसली होती, जसा काही तुझ्या डोक्यावरच. मग गल्लीभर सांगत सुटली, माझ्या लेकाने देश सोडवला म्हणून.

भाऊ: मी फक्त वाचलं होतं.

बहीण: हो. तेव्हाही वाचलंस आणि नंतरही.

भाऊ: साक्षीला दुसरं कुणी नाही?

बहीण: कोण आहे? युनियनमधले ह्यांचे मित्र निम्मे परागंदा झाले, उरलेले ओळख देत नाहीत. लष्कर गेलं, दोन सरकारं आली, पण ह्यांना कुठे नेलं ते अजून कुणी सांगत नाही. आणि पोरीचाच हट्ट आहे, बाबांच्या जागी मामाच पाहिजे. कालपासून कोपऱ्यावर पुन्हा लष्कराचे ट्रक उभे राहिलेत. गुरुवारी ते ऑफिस उघडेल की नाही याचाच भरवसा नाही, त्यात तुझे आढेवेढे नकोत.

भाऊ: तुमच्या शेजारचे कंपाउंडर?

बहीण: त्या माणसाचं नाव काढू नकोस.

भाऊ: भावोजींचे जिवलग होते.

बहीण: म्हणूनच. त्या दिवशी मी वॉर्डातून धावत घरी आले. दार सताड उघडं, हे नाहीत, आणि ओट्यावर दोन कप. पोरगी शिकवणीला गेलेली. मग दुसरा कप कुणाचा? ट्रक येईपर्यंत कुणीतरी ह्यांना गप्पांत गुंतवून ठेवलं. आमच्याकडे न विचारता येऊन चहा पिणारा माणूस एकच होता. सहा वर्षं त्याच्या दारावरून तोंड फिरवून जातेय मी. त्याची बायको वारली तेव्हाही पायरी चढले नाही. भिंतीला भिंत लागून घर, तरी.

भाऊ: ताई, मला सही करता येणार नाही.

बहीण: मफलर नको तर राहिला. आपण...

भाऊ: मफलरचं नाही. ती यादी मी कधी वाचली, असं तुला वाटतं?

बहीण: आठच्या बातम्यांना. कधी म्हणजे काय? मी इंजेक्शन भरत होते. ह्यांचं नाव आलं, तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी मनाला समजावलं, ऐन वेळी कागद हातात कोंबला असेल, समोर बंदूक असेल. म्हणून तर तुझ्याशी बोलते अजून.

भाऊ: बंदूक नव्हती. काचेपलीकडे एक कॅप्टन होता, डुलक्या काढत. लष्कर आल्यापासून आधी टेप करायचे, तपासायचे, मग आठला लावायचे. मी चार वाजून दहा मिनिटांनी वाचून मोकळा झालो.

बहीण: चारला.

भाऊ: चार दहाला.

बहीण: मग आठपर्यंत कुठे होतास?

भाऊ: चालत तुमच्याकडे आलो. सांगायलाच निघालो होतो. वाटेतून दोनदा मागे फिरलो. पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते.

बहीण: हे घरात होते.

भाऊ: पोरीच्या वह्यांना कव्हरं घालत होते. म्हणाले, या, काय म्हणते आजची बातमी?

बहीण: आणि तू?

भाऊ: नेहमीचंच, म्हटलं.

बहीण: नेहमीचंच.

भाऊ: ते निसटले असते तर यादी कुणी फोडली ते तासाभरात कळलं असतं. भीती वाटली. मग पुष्कळ दिवस लाज वाटली. आता काहीच वाटत नाही. फक्त गुरुवारी ‘वधूच्या वडिलांच्या जागी’ असं मोठ्याने वाचता येणार नाही मला.

बहीण: साडेसहा ते आठ. दीड तास. मागच्या गल्लीतून बसस्टँड दहा मिनिटांवर आहे.

भाऊ: नऊ. चालून बघितलंय मी, नंतर.

बहीण: तो मफलर दे इकडे.

भाऊ: घे.

बहीण: साक्षीसाठी कंपाउंडरच्या पाया पडते मी. येतील, न येतील. पण आधी तू जा त्यांच्याकडे. दुसरा कप कुणाचा होता ते सांग.

भाऊ: आज?

बहीण: आत्ता. आणि बोट दाखवून नाही, तोंडाने.

भाऊ: पोरीला?

बहीण: गुरुवार होऊ दे. तिलाही तूच सांगायचं. मी नाही सांगणार.

भाऊ: बरं.

बहीण: चहा कुणी केला होता?

भाऊ: भावोजींनी.

बहीण: त्यांना जमायचा नाही.

भाऊ: नव्हताच जमला. सगळा प्यायलो मी.