मार्कात तीन मिळवले

...पण काहून मिळवले? काहून? तुम्हाले सांगतो, या एका शब्दापायी माह्या हाताचे दोन तुकडे झाले!

आमच्या परीक्षेच्या हापिसात (नाव नाही सांगत, नोकरी जाईन!) कॉम्प्युटर आला त्र्याऐंशीत. निकालाचा प्रोग्राम लिहिला मार्तंडरावांनी, अन् रिटायर होऊन बुवा धरमपेठेत झोपाळ्यावर जाऊन बसले. प्रोग्राम आला माह्या गळ्यात. आता कमेंट म्हणजे प्रोग्रामात माणसासाठी लिहिलेली ओळ, मशीन ती वाचत नाही. मार्तंडराव काय लिहीत? बेरीज केली, की वर 'येथे बेरीज केली'. पान संपलं, 'येथे पान संपले'. अरे, दिसून राहिलं ना बाप्पा! काहून ते लिही ना!

एका ठिकाणी, 'मार्कात तीन मिळवले.' काहून? कोणाच्या जावयासाठी? म्हटलं हे वशिल्याचे तीन हाय, देल्ली ती तीन मिळवायची ओळच उडवून!

निकाल लागला. सातशे पोरं गणितात नापास! दुसऱ्या दिवशी हापिसात हॉकी स्टिका, सायकलच्या चेना... "कोन हाय बे तो कॉम्प्युटरवाला?" अन् आमचे साहेब मनोहरराव टेबलाखालून बोट दाखवते, "तो काय, चष्मेवाला!" धपाधप! एकानं कानफटात हाणली, चष्मा गेला. दुसऱ्यानं टाइपरायटर उचलला डोक्यात घालायले, तो त्याच्याच पायावर पडला म्हणून वाचलो. तिसऱ्यानं उजवा हात पिरगाळला, कडाक!

प्लास्टर घालून तसाच धरमपेठेत. डाव्या हातानं मार्तंडरावांची गचांडी धरली. "तीन काहून मिळवले?"

"अहो, यंदाच्या गणिताच्या पेपरातला तीन मार्कांचा प्रश्नच चुकला होता. सगळ्यांना द्यायचे ठरलं. सर्वांना ठाऊक होतं की, त्यात लिहायचं काय?"

मी गळा आवळतो तं आतून त्यायची बायको यमुताई लाटणं घेऊन, "सोडता की नाही त्यांना!" टाळक्यात दोन!

मंग म्या ओळ परत टाकली, अन् वर सात ओळींची कमेंट ठोकली! प्रश्न कोणता, चुकला कसा, ठरवलं कोणी, तारीख, वार, अन् शेवटी, 'खबरदार, ही ओळ काढशीन तं हात मोडीन!' समदं डाव्या हातानं, एकेक अक्षर! पण कमेंटच्या ओळीत सातव्या घरात, म्हंजे सातव्या अक्षराच्या जागी, चांदणी (*) लागते, तवाच मशीन ती ओळ सोडते. माह्या चांदण्या पडल्या आठव्या घरात! मशीन बसली समदं वाचत, तिले काही समजेना, अन् नवा निकाल अडकला दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी पोरं पुन्हा आली. आता डावाही प्लास्टरमध्ये.

परवा साहेब आले दवाखान्यात, संत्री घेऊन. म्हणते, "मारोतराव, हे समदं काहून झालं, ते जरा लिहून द्या."