वाहिलेला पासपोर्ट

भंतेजी, आशाची सूनबाई रमा, आणि हातातली कामं टाकून विहारात जमलेल्या समद्यांना जय भीम.

मला म्हणाले, तुमी बोला. आशा आणि मी, दोघी ताडकळसच्या अंगणवाडीत कामाला, म्हातारपणापर्यंत शेजारी-शेजारी बसलो. बोलायचं काम तिचं, मान हलवायचं माझं. आज ती फोटोत हाय आणि माईक माझ्या हातात. कसं बोलू, सांगा?

तुमाला ठाऊक हाय, आमी दोघी यात्रेच्या मंडळींसंगं श्रीलंकेला गेलतो. अनुराधपूरचा बोधिवृक्ष एकदा डोळ्यांनी बघायचा, हा तिचा ध्यास. त्याआधी कोलंबोतल्या एका विहारात थांबलो. पासपोर्ट जपायचा म्हणून आशानं तो पांढऱ्या रुमालात बांधलेला. फुलंही तसल्याच रुमालात. वंदना म्हणताना हिचे डोळे भरून आलेले. दोन्ही गाठोडी बुद्धासमोर ठेवली, हात जोडले आणि आली बाहेर!

ध्यानात आलं ते संध्याकाळी, खोलीवर. धावत गेलो, तवर फुलं आवरून नेलती. लय शोधलं. न्हाई सापडला.

सकाळी आमच्या मंडळींची गाडी अनुराधपूरला निघाली, आणि आमी दोघी रिक्षात बसून आधी पोलिसात, मग आपल्या वकिलातीत. तिथली पोरगी लय मायाळू. पाणी दिलं. "मौसी, घाबरू नका. पासपोर्ट कुठं हरवला?" आशानं काय म्हणावं? "हरवला न्हाई बाई. वाहिला."

पोरगी हसली. म्हणाली, मौसी, 'हरवला' असंच लिहावं लागंल. आशा कुठली ऐकते! शेवटी मीच तिच्या पायाला चिमटा काढला.

रमानं इथून फोनवर त्या पासपोर्टाचा फोटो धाडला. तपास झाला. पासपोर्टाच्या जागी एक कागद मिळाला. पण तो हातात पडेपर्यंत मंडळी बोधिवृक्ष बघून माघारी आलती, आणि विमान त्याच रात्रीचं. तरी आशानं विचारलंच, "अजून थोडं राहता यील का, बाई?" ती पोरगी हळूच म्हणाली, "मौसी, हा कागद फक्त घरी जायचा हाय."

विमानात आशा माझ्यावरच उखडली. "तू कशाला थांबलीस? दोघींतली एक तरी बघून आली असती. मला सांगितलं असतंस, कसं झाड हाय, कशी सावली पडती."

तुमीच सांगा, तिला परक्या मुलखात एकटी सोडून मी झाड बघायला गेले असते का?

नवा पासपोर्ट काढला तिनं. बाजारात भाजी घेता घेता म्हणायची, "औंदा जाऊ गं." औंदा गुडघे. औंदा नातवाची परीक्षा. मग हे दुखणं. दवाखान्यातसुद्धा माझा हात धरून म्हणाली, "औंदा जाऊ गं." मी मान हलवली. दुसरं काय येतं मला?

आशा, लय आठवण यायलीय गं तुझी. मंगळवारचा बाजार मला खायला उठतो. कालपासून लोक म्हणायलेत, बाई, तुमी तरी जाऊन या. जाईन मी. त्या झाडाखाली बसेन. सावली कशी पडती, नीट बघेन. पण माघारी येऊन सांगू कुणाला?

उठा, दोन मिनिटं गप उभं राहू तिच्यासाठी.

आशा, जय भीम गं.