कुसुमच्या कार्डावरच्या गोळ्या

नाझिया: या गोळ्या तुम्ही खात नाही, काकी.

कुसुम: खाते ना. झोप कुठे लागते मला?

नाझिया: एवढी गोळी पोटात असती तर हातखंब्याहून पहिली एस्टी पकडून आला नसतात. सहा महिने तुमच्या कार्डावर नेताय. सुभेदार काकांसाठी ना?

कुसुम: हळू बोला हो डॉक्टर. बाहेर बाकावरच बसलेत ते.

नाझिया: मग त्यांनाच आत बोलवा. मी तपासते, पुण्याला लष्कराच्या मोठ्या दवाखान्यात पाठवते. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलीत त्यांनी. हक्कच आहे त्यांचा, खर्च सगळा सरकारचा.

कुसुम: आणि कागदावर काय लिहाल? डोकं फिरलंय म्हणून?

नाझिया: आजाराचं नाव लिहीन.

कुसुम: मग बंदुकीचं लायसन गेलंच. आंब्याच्या बागेत वानर हाकायला ठेवलंय त्यांना, ते बंदुकीमुळे. खांद्याला लावून निघाले की गाव अजून 'सुभेदार' म्हणून हाक मारतं. तीच काढून घेतलीत तर घरात भिंतीकडे बघत बसतील. नको. माझंच नाव असू दे. मला वेडी लिहा हवं तर.

नाझिया: निदान गोळ्या घेतात तरी का?

कुसुम: पेजेत कुटून घालते. हल्ली पेज परसात ओतून टाकतात. वास येतो म्हणतात.

नाझिया: कधीपासून?

कुसुम: शिमग्यापासून.

नाझिया: दोन महिने गोळी नाही आणि हातात भरलेली बंदूक? काकी, काही झालंय का?

कुसुम: काय नाय झालेलं.

(परशुराम दार ढकलून आत येतो.)

परशुराम: झालंय. लिहा, डॉक्टर.

कुसुम: तुम्ही बाहेर बसा बघू.

परशुराम: परवा दुपारी ही भाकरी घेऊन कलमांत आली. मला ही दिसलीच नाही. दुसरंच कोणी दिसलं. मी नेम धरला.

कुसुम: मी नाव घेऊन हाक मारली यांना. लग्नाला चाळीस वर्षं झाली, कधी घेतलं नव्हतं. परशुराम म्हटलं.

परशुराम: दुसऱ्या हाकेला बंदूक खाली केली.

नाझिया: आता कुठाय ती?

परशुराम: घरी. खाटेखाली.

नाझिया: पोलिसांना कळवावं लागेल मला, काका. येऊन जमा करून घेतील.

परशुराम: कळवा. पण ते येतील तेव्हा मी असाच शुद्धीवर असेन असं धरून चालू नका. त्या दिवशी हिला घरात ठेवू नका.